बेबाबाईंनी चहाला नावं ठेवली नाहीत

*सोमवार, १२ ऑगस्ट २०२४. बेबाबाईला आज दवाखान्यातून घरी आणलं. गाडी गल्लीत वळेना, म्हणून कोपऱ्यापासून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आणली. ताप ९८.२. खुर्ची उचलणाऱ्यांनी दोनदा वाकडी धरली, पण ती त्यांना एक शब्द बोलली नाही. मेघाने मुगाची खिचडी केली, तळाला लागली. नळ आला नाही. पावसाची भुरभुर.*

पिंप्राळ्यातल्या मोहिनीबाई पाटलांच्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे. दिवसातली सर्वांत भयंकर बातमी त्यांनी ताप आणि खिचडी यांच्या मधोमध घातली होती आणि तिला इतर वाक्यांपेक्षा जास्त शाई दिली नव्हती. त्यांची पद्धतच ती. वडील भुसावळला रेल्वेत गार्ड, म्हणून त्या तिथल्या कॉन्व्हेंटात शिकल्या. बाईमाणसाने आवाज चढवायचा नाही आणि झोपण्याआधी दिवस नीट लिहून काढायचा, हे सिस्टर लोकांनी त्यांच्या अंगात असं भिनवलं होतं की वयाच्या पंचाहत्तरीतही दोन्ही सवयी शाबूत होत्या. अकरा वर्षांपूर्वी पती गेले, त्या दिवसाचीही नोंद आहे. तीतही दूध नासल्याचं लिहिलेलं आहे.

बेबाबाई ही त्यांची धाकटी जाऊ. दोन घरं, मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीवरून चाळीस वर्षं चाललेलं भांडण. मोहिनीबाईंच्या अंगणातला शेवगा बेबाबाईंच्या अंगणात झुकलेला होता. पानगळ झाली की बेबाबाई कचरा टोपलीत भरून अलीकडे फेकत आणि म्हणत, "पाला तुमना, शेंगा मन्ह्या." यावर मोहिनीबाई फक्त "असू दे" म्हणत. भांडणाला दोन माणसं लागतात असं म्हणणाऱ्यांनी बेबाबाईंना पाहिलेलं नव्हतं.

त्या दोंडाईच्याच्या. वडील मिरचीच्या बाजारात तोलार होते. लहानपणी खेळायला मिरचीचे ढीग आणि श्वासाला मिरचीचा खकाणा, त्यामुळे हिचा घसा असा झाला, असं मोहिनीबाईंचं मत होतं. नवरा कैलासवासी जीवराम, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. जन्मभर बसच्या इंजिनापाशी काढल्यामुळे त्यांना बायकोचा आवाज साधारण वाटे. बाकी कुणाला तसा वाटत नसे. पाणी सोडणारा माणूस वेळेआधी व्हॉल्व्ह बंद करतो, हे लक्षात आल्यावर बेबाबाई एकदा व्हॉल्व्हच्या झाकणावर मांडी घालून बसल्या आणि गल्लीतली सगळी पिंपं भरेपर्यंत उठल्या नाहीत. मुलाला, योगराजला, शाळेत शेवटच्या बाकावर बसवतात असं कळलं, तेव्हा त्या वर्गात गेल्या आणि स्वतः पहिल्या बाकावर बसल्या. गुरुजींनी फळ्यावर दोन गणितं सोडवली तरी बाई हलेनात. तिसऱ्या गणिताला योगराजची जागा बदलली.

आणि मोहिनीबाईंचे पती गेले त्या दिवशी, भाऊबंदकीतल्या चारदोन जुन्या बायका बांगड्या फोडण्यासाठी सरसावल्या होत्या. बेबाबाई फाटकात उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, डोळे रडून लाल. "जिले हिना बांगड्यासले हात लावना व्हई, तिनी पहिले मन्हाजोडे यावं." कुणी गेलं नाही. मोहिनीबाईंच्या हातात त्या दोन बांगड्या आजही आहेत. त्या रात्री त्यांनी लिहिलं होतं, 'बेबाबाई आज फार मोठ्याने बोलली.' आभार कोणत्या शब्दांत मानायचे हे कॉन्व्हेंटात शिकवलेलं होतं, पण ते शब्द बेबाबाईंना दिले असते तर त्यांनी ते शेवग्याच्या पाल्यासारखे परत फेकले असते.

तर अशा या बाई लढतानाच जखमी झाल्या, हे त्यांना शोभलं. जुलैत गल्लीतलं गटार तुंबलं. महापालिकेचा मुकादम म्हणाला, गटार साफ आहे. बेबाबाई लुगडं सावरून गटारात उतरल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "आते सांग!" पाणी गुडघ्याला लागत होतं. मुकादम हरला, पण पायाखाली फुटकी फरशी होती. तळवा कापला. त्यांनी हळद भरली, फडकं बांधलं आणि राहिलेलं भांडण पुरं केलं. गटार दुसऱ्या दिवशी साफ झालं. बेबाबाईंना मात्र त्याच आठवड्यात थंडी भरून आली, बोलणं बरळल्यासारखं झालं, रक्तदाब कोसळला आणि लघवी थांबली. जंतू रक्तात गेले होते. मग अतिदक्षता विभाग, नळ्या, काचेआडून पाहणं.

डॉक्टर ललित मूळचे धुळ्याचे, वयाने चाळिशीतले, समजावून सांगायचा कंटाळा नसलेले. घरी सोडताना त्यांनी मोहिनीबाईंना खोलीत बोलावून घेतलं, कारण योगराज नोकरीला धुळ्याच्या एमआयडीसीत आणि फक्त रविवारी घरी. सुनेने, मेघाने, सांगून टाकलं होतं की कागद मोठ्या आईंना समजतात.

"रक्तातले जंतू गेले का?" मोहिनीबाईंनी विचारलं.

"गेले."

"मग आता काळजी कसली?"

"आता त्यांच्या स्वतःच्या शरीराची," डॉक्टर म्हणाले. "आजी, मे महिन्यात तुमच्या कॉलनीत सगळे कूलर एकदम चालू झाले की काय होतं?"

"डीपी उडते."

"उडते म्हणून वाचते. नाही उडाली तर जळते. बेबाबाईंच्या अंगात तेच झालं. जंतूंना मारायला शरीराने सगळीकडे एकदम आग पेटवली, जिथे जंतू नव्हते तिथेसुद्धा. मूत्रपिंडं, फुप्फुसं, सगळं त्या आगीत होरपळलं. मग ती आग विझवायला शरीरानेच स्वतःला आवर घातला. लढणाऱ्या पेशी पुष्कळ मेल्या. उरल्या त्या सुस्त आहेत. समोर शत्रू आला तरी इतरांना हाक मारत नाहीत."

"म्हणजे डीपी उडालेली आहे."

"आणि अंधारात दार सताड उघडं आहे."

"पुन्हा चालू कोण करतं?"

"याचा वायरमन अजून कुणाला सापडलेला नाही. शोध चालू आहे. बहुतेक वेळा आपापली होते. काहींची आठवड्यांत, काहींची महिन्यांनी. तोवर साधा खोकला, साधी बुरशी, एरवी निपचित पडलेलं जुनं दुखणं, काहीही उठू शकतं. येणाऱ्याजाणाऱ्यांची गर्दी नको. हात धुतल्याशिवाय कुणी जवळ जायचं नाही. ताप आला तर लगेच आणा. आणि हे नीट ऐका, ताप आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ताप म्हणजे शरीराची आरडाओरड. ओरडायलाही अंगात ताकद लागते."

मोहिनीबाईंनी मान डोलावली. घरी जाताना त्यांनी मेडिकलमधून नवं थर्मामीटर घेतलं.

पहिल्याच सकाळी रिक्षा थांबायला लागल्या. खानदेशात माणूस दवाखान्यातून घरी आलं की भेटायला जावं लागतं. न गेलेल्याचं नाव पुढच्या तीन लग्नांत निघतं. त्यातून बेबाबाई मरणाच्या दारातून आलेल्या, म्हणजे भेटही तेवढीच भरघोस. येणारी प्रत्येक बाई आधी रोग्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवणार, मग ते हात स्वतःच्या कानशिलांवर टेकवून बोटं कडाकडा मोडणार. जितका कडकडाट जास्त तितकी दृष्ट निघाली. आणि हात कुठून आलेले? एसटीच्या दांडीवरून, रिक्षावाल्याच्या सुट्ट्या पैशांवरून, तंबाखूच्या डबीवरून.

मोहिनीबाईंनी सुवाच्य अक्षरात पाटी लिहून बेबाबाईंच्या फाटकाला अडकवली. 'रुग्णास विश्रांतीची आवश्यकता आहे. भेटीबद्दल क्षमस्व. आपले सहकार्य प्रार्थनीय.' यावलची एक चुलतसासू केळीच्या दोन फण्या घेऊन आली. पाटीपुढे उभी राहून तिने ती पूर्ण वाचली.

"काय वळणदार अक्षर आहे हो मोहिनी तुझं!" ती कौतुकाने म्हणाली, आणि कडी काढून आत गेली.

"आत्याबाई, डॉक्टरांनी..."

"मी कुठे बसायला आले? नुसतं तोंड पाहते."

तोंड पाहणं अर्धा तास चाललं. बोटं दोनदा मोडून झाली. जाताना तिने पिशवीतून एक डबी काढली. त्यात प्रतिकारशक्ती वाढवणारी पूड होती. अशा डब्या एव्हाना खिडकीत ओळीने जमल्या होत्या. लोक एका हाताने शक्ती देत होते आणि दुसऱ्या हाताने बेबाबाईंचे गाल कुरवाळत होते.

बेबाबाई खाटेवर पडून सगळं सोसत होत्या. खरं तर असल्या गर्दीला वाटेला लावणारी एकच व्यक्ती त्या घरात होती, आणि तीच गर्दीच्या मधोमध निमूट पडलेली होती. जिभेवर पांढरे चट्टे आले. डॉक्टर म्हणाले, बुरशी आहे, औषध देतो, पण पाहा, म्हणजे पहारा अजून झोपलेलाच आहे.

गल्लीला मात्र बेबाबाईंचं हे नवं रूप फार आवडलं. व्हॉल्व्हवाला आता निवांत वेळेआधी पाणी बंद करून जाई. भाजीवाला सडक्या भेंड्या सगळ्यांच्या पिशवीत समान वाटत होता. समोरचे निवृत्त ग्रामसेवक म्हणाले, "आजारपणाने बाईंना देवाने सुबुद्धी दिली." मोहिनीबाईंनी विचार केला की इतकी वर्षं ज्या शांततेची आपण प्रार्थना केली ती हीच, आणि ती अशी असते हे आधी माहीत असतं तर वेगळं काही मागितलं असतं.

मेघाने एकदा भिंतीपलीकडून हळूच सांगितलं, "मोठ्या आई, खरं बोलू? चौदा वर्षांत पहिल्यांदा मी वरणाला फोडणी दिली आणि मागून कुणी बोललं नाही."

"बरं वाटतं?"

"वाटतं ना. आणि मग वाटतं, वाटायला नको होतं."

त्याच आठवड्यात निंबानाना आले. निंबानाना म्हणजे बेबाबाईंचे थोरले भाऊ. घरची कानबाई, श्रावणात बसवतात ती खानदेशची देवी, नुकतीच बोळवून मोकळे झालेले, पहाटेच्या पॅसेंजरने दोंडाईच्याहून निघालेले, बरोबर घरची पाच माणसं. जळगाव स्टेशनापासून ते रिक्षात खोकत आले होते. मोहिनीबाईंनी तो खोकला गल्लीच्या तोंडाशीच ऐकला. त्या फाटकात गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फाटकाला कुलूप घातलं.

"अक्का, दार उघडा ना," नाना म्हणाले. "पहाटनी गाडीवर बसनूत आम्ही बठ्ठा."

"नाना, माफ करा. डॉक्टरांनी कुणालाही भेटू द्यायचं नाही असं सांगितलंय. आपण माझ्या घरी बसू. चहा घ्या."

"मी चहा पेवाले नही उनू. मन्ही बहीण शे ती." ते खोकले. मागच्या दोघी बायकाही खोकल्या. "सख्खी बहीणले भेटाले तुमनी परवानगी लेऊ का मी?"

"तसं नाही. आपला गैरसमज होतोय. कृपया..."

"कृपया काय! शिकेल लोकेसनी हाईच रीत. पाटी लाई दी, कुलूप लाई दिनं. उद्या सांगतीन, निंबा भेटाले बी उना नही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेच अवघड होतं. उद्धट माणसाला शांतपणे नाकारता येतं. प्रेमाने आलेल्याला शांतपणे नाकारलं की तो तुमच्या शांतपणालाच दार समजून आत येतो. नानांनी फाटकावरून हात घालून कुलूप हलवलं. मोहिनीबाईंनी उघड्या दारातून खाटेकडे पाहिलं. तिकडून एक शब्द येईल असं त्यांना अजूनही वाटत होतं. बेबाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

मग जे बाहेर पडलं ते मोहिनीबाईंच्या तोंडून पडलं, पण चाळीस वर्षं भिंतीपलीकडे मुरलेलं होतं.

"नाना, तो खोकला दोंडाईचाले ठेईसन या! बहीण जित्ती पाहिजे का तिना फोटोले हार घालना शे? बठ्ठा गाव तिना तोंडवर हात पुसी ग्या, आते तुम्ही ऱ्हाईलथात! व्हा मांगे! नही तं मी हाई शेवगानी फांदी तोडसू आनि..."

फांदीचं काय करणार ते त्यांनाही माहीत नव्हतं. वाक्य तिथेच थांबलं. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. ग्रामसेवक ओट्यावर आले आणि लगेच आत गेले. नानांनी कुलूप सोडलं. दोंडाईच्याची मंडळी आल्या रिक्षांनी परत स्टेशनला गेली. जाताना नानांची बायको एवढंच म्हणाली, "पाह्यं का, कॉन्व्हेंटनी बाई!"

मोहिनीबाई घरात येऊन पाणी प्यायल्या. घसा दुखत होता. बेबाबाईंनी हे दिवसातून तीनदा कसं केलं असेल, याचं त्यांना पहिल्यांदाच नवल वाटलं.

यानंतर गर्दी थांबली. मोहिनीबाई समाधानात होत्या. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर, हात धुणं, उकळलेलं पाणी, सगळं वेळेवर. आकडे अठ्ठ्याण्णवच्या आसपास, शिस्तीत. एखाद्या हुशार मुलीच्या प्रगतिपुस्तकासारखे. डॉक्टरांच्या वाक्याचा पूर्वार्ध त्या इतक्या मनापासून पाळत होत्या की उत्तरार्ध आपण ऐकला होता हेच त्या विसरल्या.

एका दुपारी त्या चहा घेऊन पलीकडे गेल्या. मोहिनीबाईंचा चहा प्रसिद्ध होता. दूध बेताचं, साखर पाव चमचा, पत्ती मोजून. त्या घराण्यात तो कुणी दुसऱ्यांदा मागितलेला नव्हता. बेबाबाई तर तो कप हातात घेण्याआधीच सुरू होत. त्यांना चहा असा हवा की चमचा उभा राहील आणि साखर तळाला उरेल. आजारातसुद्धा, दवाखान्यातून आल्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं होतं. बोलल्या नव्हत्या, पण तोंड वाकडं केलं होतं.

आज त्यांनी अर्धा कप संपवला. मग डोळे मिटूनच म्हणाल्या, "चांगला शे, बाई."

मोहिनीबाईंनी कप खाली ठेवला. थर्मामीटर लावलं. ९७.८.

"मेघा!" त्यांनी हाक मारली. "हिला दवाखान्यात न्यायचं. आत्ता."

मेघा पिठाच्या हातांनी आली. "काय झालं? ताप आहे?"

"नाही. चहा चांगला आहे म्हणाली."

मेघाने सासूकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि रिक्षा आणायला धावली. पुढे ती सांगायची, की मोठ्या आईंनी ताप एकशेचार आहे म्हटलं असतं तरी मी इतकी घाबरले नसते.

दवाखान्याच्या काउंटरवर एक मुलगी बसली होती. "ताप किती?"

"ताप नाही."

"खोकला? उलट्या?"

"खोकायची ताकद नाही तिला. जरा झोपाळल्यासारखी आहे. श्वास जलद वाटतो."

"ताप नाही ना? मग संध्याकाळी सहाची अपॉइंटमेंट देते. सर राउंडला आहेत."

"माफ करा, पण..."

"आजी, नॉर्मल आहे म्हणता ना तुम्हीच."

मोहिनीबाईंनी दुसऱ्यांदा "माफ करा" म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी इस्तरीची साडी सावरली, डॉक्टरांच्या खोलीच्या उंबरठ्यावर गेल्या आणि तिथेच खाली बसल्या. मांडी घालून, व्हॉल्व्हच्या झाकणावर बसावं तशा. आत जाणारा पेशंट थांबला, बाहेर येणारी नर्स थांबली.

"आजी, असं बसता येत नाही इथे!"

"येतं," मोहिनीबाई म्हणाल्या. "मी बसले आहे."

डॉक्टर ललित आले ते त्यांना ओलांडूनच. बेबाबाईंच्या बोटाला त्यांनी ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. त्यावरचा आकडा शहाऐंशी होता, आणि तो पंचाण्णवच्या वर असायला हवा होता. मग ऑक्सिजन, फोटो, रक्त. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया धरला होता. तो मोठा होता आणि अगदी गुपचूप आलेला होता.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. "ताप नव्हता. मग आणलंत कशावरून?"

"तिने माझ्या चहाला नावं ठेवली नाहीत."

डॉक्टरांना वाटलं, बाई दमल्या आहेत. मेघाने खुलासा केला. "डॉक्टर, मोठ्या आईंचा चहा आम्ही औषध म्हणून पितो. आणि माझ्या सासूबाई औषधालासुद्धा शिव्या देतात."

डॉक्टर हसले नाहीत. "उद्या आणलं असतं तर मी काही करू शकलो नसतो," ते म्हणाले.

मोहिनीबाईंनी जो प्रश्न दिवसभर गिळला होता तो विचारला. "कुणाकडून आला हा आजार? माझ्या नजरेतून कोण सुटलं?"

"कुणी नाही. त्यांच्याच घशातले जंतू खाली उतरले. तुमच्याआमच्या घशातही ते असतात. एरवी पहारा असतो."

म्हणजे फाटकाला कुलूप, दोंडाईच्याच्या मंडळींचा अपमान, गल्लीभर झालेली शोभा, आणि चोर घरातच होता. मोहिनीबाईंचा चेहरा पाहून डॉक्टरांनी घाईने पुस्ती जोडली, "गेट बंद केलंत ते बरोबरच होतं. नाहीतर असे दोन आले असते." पुढे कळलं की निंबानानांना परत गेल्यावर एकशेतीन ताप भरला, ते दोन दिवस कण्हले, घरादाराला वेठीला धरलं आणि आठवडा संपायच्या आत ठेचा-भाकरी मागू लागले. त्यांच्या अंगाने व्यवस्थित आरडाओरड केली होती.

योगराज धुळ्याहून मिळेल त्या बसने आला. पुढचे दिवस काचेआडचेच होते. त्यांचं वर्णन करण्यासारखं काही नाही. मोहिनीबाई रोज बाकावर बसत आणि मनातल्या मनात बेबाबाईंना चिथावत. पाणी आज पण लवकर बंद केलं. भाजीवाल्याने मेघाला किडकी वांगी दिली. शेवग्याचा पाला सगळा तुझ्या अंगणात टाकलाय मी. सिस्टर लोकांनी शिकवलेल्या प्रार्थनाही त्यांनी म्हटल्या, पण अधूनमधून.

बेबाबाई वाचल्या. घरी आल्या त्या आणखी हलक्या होऊन. दिवाळी गेली तरी भिंतीपलीकडे शांतताच होती. जेवण वाढत गेलं, त्या अंगणात चार फेऱ्या मारू लागल्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या लशी झाल्या. पण फोडणी करपली तरी मेघाला कुणी बोलत नव्हतं, आणि मेघा आता मुद्दाम करपवून पाहत होती. मोहिनीबाई रोज तोच फिका चहा नेत. बेबाबाई तो पीत, कधी अर्धा, कधी पूर्ण. "ठीक शे," म्हणत. तेवढ्यावर मोहिनीबाई परत येत आणि श्वास मोजायला पुन्हा जात.

डिसेंबरात थंडी पडली, गल्लीत भरिताच्या वांग्यांचा धूर दिसायला लागला, आणि एका सकाळी मेघा रडत भिंतीशी आली. "मोठ्या आई, आईंना ताप! एकशेएक!"

मोहिनीबाई गेल्या. बेबाबाईंचं नाक वाहत होतं, डोळे लाल होते, अंग तव्यासारखं तापलेलं होतं. थर्मामीटर पाहून मोहिनीबाईंनी ते पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा पाहिलं. १०१.४. आणि त्या हसल्या. मेघा रडायची थांबून त्यांच्याकडे बघत राहिली.

दवाखान्यात नेलंच. या वेळी काउंटरवरच्या मुलीने त्यांना पाहताच थेट आत पाठवलं. डॉक्टर ललितनी छाती तपासली, फोटो काढला, रक्त पाहिलं. छाती साफ होती. साधी सर्दी. लढणाऱ्या पेशींचा आकडा, जो उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा तळाला गेला होता, तो बराच वर आलेला होता.

"ताप ही काही पेढे वाटायची गोष्ट नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि सगळं पूर्ववत झालं असंही मी लिहून देणार नाही. पण अंग ओरडायला लागलंय. या वेळी मी तक्रार करणार नाही."

दुपारी मोहिनीबाईंनी चहा केला. नेहमीचाच. बेबाबाई गोधडीतून उठून बसल्या, शिंकल्या, कप घेतला, एक घोट घेतला. मग कप समोर धरून त्या त्यात बघत राहिल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "हाई चहा शे का गटारनं पानी?"

मोहिनीबाई खाटेच्या कडेला बसल्या.

"साखर काय सोनं शे, तिजोरीमा ठेवाले? मी काय मरनू का, असा चहा पाजाले?" आवाज बसलेला होता, पण चढत होता. "आनि मी ऐकेल शे बठ्ठं. तवय बोलता ये नही म्हनीसन पडेल व्हतू. मन्हा भाऊले कुलूप लाईसन तुम्ही हाकली दिनं? मन्हा भाऊले? शेवगानी फांदी लेईसन?"

"फांदी तोडली नव्हती," मोहिनीबाई म्हणाल्या.

"तोडती तं पाला कोन झाडता? मी!"

"हो, हाकललं तुझ्या भावाला," मोहिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांचा आवाजही चढला आहे. "पुन्हा खोकत आला तर पुन्हा हाकलीन. आणि शेवगा माझा आहे."

"शेंगा मन्ह्या!"

मेघा स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून उभी होती, डोळ्यांना पदर लावून. चुलीवर तिची फोडणी करपत होती. "मेघा!" बेबाबाई तिकडे न पाहताच ओरडल्या. "नाक बंद शे मन्हं, तरी वास येस!" बाहेर व्हॉल्व्हवाला सायकलवरून उतरत होता. आतला आवाज ऐकून त्याने घड्याळ पाहिलं आणि व्हॉल्व्ह उघडाच ठेवला.

भांडण दिवेलागणीपर्यंत चाललं. मध्ये दोनदा चहा झाला, बेबाबाईंच्या पद्धतीचा. मग मोहिनीबाई आपल्या घरी आल्या, दिवा लावला, वही उघडली, तारीख घातली, शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४, आणि खाली लिहिलं:

*साखरेचा डबा दुपारी बेबाबाईकडे गेला. रिकामा परत आला. उद्या दोन किलो आणणे.*